बंदरावरच्या साहेबाचं शिक्षण

केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था मुंबईत १९६१ साली सुरू झाली, ती मुळात राज्यांच्या मत्स्य खात्यांत आधीच नोकरीला असलेल्या अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी. पुढे ती अभिमत विद्यापीठ झाली, तिथून डॉक्टरेट मिळू लागली, आणि देशभरच्या मत्स्य खात्यांत वरच्या खुर्च्यांवर बसलेले अनेक जण तिथले विद्यार्थी आहेत. संस्था वर्सोव्यात आहे आणि वर्सोव्याचा जुना कोळीवाडा तिथून जवळच. मत्स्य खात्याचा अधिकारी कोळीवाड्यात पाहणीला जातो, माशांचे नमुने घ्यायला जातो, नुकसानीचा पंचनामा करायला जातो. तिथे शिकायलाही जायचं असतं, ही गोष्ट आपल्या प्रशिक्षणाच्या कल्पनेत कधी नीट बसलीच नाही.

याला इतिहास आहे. स्वातंत्र्यानंतर देशाला अन्न हवं होतं, परकीय चलन हवं होतं. केरळात कोल्लमजवळ नींडकरा इथे १९५३ साली नॉर्वेच्या मदतीने प्रकल्प सुरू झाला. यांत्रिक होड्या आल्या, कोळंबीला परदेशी गिऱ्हाईक सापडलं आणि बघता बघता ट्रॉलर म्हणजेच प्रगती असं समीकरण झालं. अशा काळात घडलेल्या अधिकाऱ्याचं काम ठरलेलं होतं. होडीला इंजिन मिळवून द्यायचं, कर्ज मंजूर करायचं, बर्फाचा कारखाना आणि धक्का बांधून घ्यायचा, आणि वर्षाअखेरीला वाढलेल्या टनांचा आकडा वर पाठवायचा. त्या पिढीला नावं ठेवण्यात अर्थ नाही. तिने सांगितलेलं काम केलं. पण सत्तरच्या दशकात ट्रॉलर गोव्याच्या किनाऱ्याला इतके खेटून फिरू लागले की अख्खा गाव मिळून ओढतो त्या रापणीत मासाच येईना. माथानी साल्ढाणांच्या नेतृत्वाखाली रापणकार रस्त्यावर उतरले. केरळातही तसंच पेटलं. मग १९८० मध्ये गोवा आणि केरळ, आणि १९८१ मध्ये महाराष्ट्र, असे सागरी मासेमारी नियमनाचे कायदे आले. म्हणजे हे कायदे माशांच्या काळजीतून कमी आणि किनाऱ्यावरच्या भांडणातून जास्त जन्मले. कालपर्यंत जो अधिकारी ट्रॉलरला कर्ज देत होता, त्याच्याच हातात आता दंडाची पावती आली.

ही दोन्ही कामं आजही त्याच एका माणसाकडे आहेत. परवाने, होड्यांची नोंदणी, डिझेलवरच्या कराची प्रतिपूर्ती, वादळानंतरची भरपाई, बंदी मोडणाऱ्यांवरची कारवाई, शिवाय केंद्राच्या योजनांची उद्दिष्टं. २०२० मध्ये आलेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेने देशाचं मत्स्योत्पादन २२० लाख टनांवर नेण्याचं लक्ष्य ठेवलं. त्या लक्ष्याचा जिल्ह्याच्या वाट्याला आलेला तुकडा याच अधिकाऱ्याच्या टेबलावर असतो. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीसमकक्ष दर्जा दिला. वीजदर आणि कर्जाच्या दृष्टीने ते चांगलंच झालं. मात्र शेतीच्या चष्म्यातून समुद्राकडे पाहण्याची खोड त्यामुळे आणखी घट्ट होऊ नये. शेताला बांध असतो आणि सातबारा असतो. समुद्रात, कागदावर तरी, जो आधी पोचला त्याचा मासा.

याच अधिकाऱ्याला आता तिसरं काम सांगितलं जातंय: लहान मच्छीमारांच्या समुदायाला बरोबर घेऊन मासेमारीचं व्यवस्थापन करायचं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जून २०१४ मध्ये लहान मासेमारीविषयीची ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली. ती चंद्रिका शर्मा यांच्या स्मृतीला अर्पण केलेली आहेत. चेन्नईतून चालणाऱ्या, मच्छीमारांच्या बाजूने काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या त्या कार्यकारी सचिव होत्या, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये बेपत्ता झालेल्या मलेशियाच्या विमानात होत्या. या तत्त्वांमागे केवळ सहानुभूती नाही, हिशोबही आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार पकडल्या जाणाऱ्या माशांपैकी सुमारे ४० टक्के मासे लहान मासेमारीतून येतात, आणि मासेमारीच्या एकूण साखळीत राबणाऱ्या दहा माणसांतली नऊ याच क्षेत्रातली असतात. इतक्या होड्यांवर, इतक्या खाड्यांवर आणि इतक्या बंदरांवर नजर ठेवायला कुठल्याही सरकारला माणसं पुरणार नाहीत. महाराष्ट्राने जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोन उडवायला सुरुवात केली. ड्रोनला बेकायदा नौका दिसते. मात्र गावाने आपसांत ठरवलेला नियम कोणी मोडला, हे त्याला वरून कसं दिसणार?

म्हणून प्रशिक्षणं सुरू झाली. ती कशी होतात हे सरकारी नोकरीतल्या कोणालाही सांगायला नको. सभागृह, दीपप्रज्वलन, पडद्यावर त्रिकोण आणि बाण, 'भागधारक' आणि 'क्षमताबांधणी', दुपारी जेवण, संध्याकाळी प्रमाणपत्र, आणि दुसऱ्या दिवशी अधिकारी पुन्हा डिझेलच्या फायलींत. अशा कार्यशाळांमध्ये एक गृहीतक न बोलता मान्य केलेलं असतं: मच्छीमारांना जागं करायचं आहे, संघटित करायचं आहे, त्यांना नियम करायला शिकवायचं आहे. मला हे गृहीतकच उलटं वाटतं. आपल्या किनाऱ्यावर नियम आधीपासून आहेत. ते वाचता येणं हा अधिकाऱ्याच्या शिक्षणाचा पहिला भाग. दुसरा भाग त्याहून अवघड: गावाने आपला नियम पाळावा असं वाटत असेल तर सरकारने आपल्या वाट्याचं कोणतं काम आधी करायला हवं, हे ओळखणं आणि वरिष्ठांना तोंडावर सांगणं.

पहिल्या भागासाठी डोल पाहा. वसई, अर्नाळा, उत्तन, मढ, वर्सोवा, सातपाटी या पट्ट्यात डोलीची मासेमारी पिढ्यानपिढ्या चालते. समुद्रतळात खुंट रोवून पिशवीसारखं लांब जाळं बांधायचं, भरती-ओहोटीच्या ओढीने मासा त्यात येऊ द्यायचा. बोंबील, जवळा, करंदी त्यातूनच येतात. उधाणाच्या दिवसांत पाण्याला ओढ असते तेव्हा डोल चालते. भांगाला पाणी मंदावलं की ती थंडावते. म्हणजे महिन्यातले काही दिवस चंद्रच सुट्टी देतो. डोल बांधायच्या जागेला कव म्हणतात. कोणाची कव कुठे, दोन कवींत किती अंतर, ती वडिलांकडून कोणत्या मुलाकडे आली, कोणी काही वर्षं वापरली नाही तर तिचं काय करायचं, दुसऱ्या गावच्या माणसाने तिथे खुंट रोवला तर पंचायत कुठे बसायची, या सगळ्याचे संकेत गावोगावी आहेत. ते कुठल्याही शासन निर्णयात नाहीत. समुद्राच्या पृष्ठभागावर काहीही न दिसता तळाशी असलेली ही मालकीची व्यवस्था जो अधिकारी जाणत नाही, त्याला त्याच्याच अखत्यारीतला समुद्र रिकामा वाटतो.

आणि हे संकेत मोडले की काय होतं, हेही याच पट्ट्यात दिसतं. वसई-उत्तन बाजूच्या मच्छीमारांनी पालघर-डहाणूसमोरच्या समुद्रात कवी मारल्या, म्हणून सातपाटी-डहाणूकडच्यांशी त्यांचा वाद वर्षानुवर्षं धुमसतो आहे. दोन्ही बाजू कोळी, दोन्ही पारंपरिक, दोन्हींना स्वतःचा दावा खराच वाटतो. इथे 'समुदायाला विश्वासात घ्या' या सूचनेचा अर्थ काय करायचा? कोणता समुदाय? मत्स्यविज्ञानाच्या पदवीत माशाच्या कानातल्या हाडावरून त्याचं वय काढायला शिकवतात. दोन गावांना एका नकाशाभोवती बसवून कोणाचं म्हणणं कुठे संपतं आणि दुसऱ्याचं कुठे सुरू होतं हे लिहून घ्यायला शिकवत नाहीत. गरज मात्र रोज याचीच पडते.

तुर्कस्तानातल्या अलान्याची गोष्ट राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांच्यामुळे जगाला माहीत झाली. तिथल्या शंभरेक मच्छीमारांनी जाळी लावायच्या जागांना नावं दिली, दर सप्टेंबरात चिठ्ठ्या टाकून जागा वाटल्या, आणि त्यानंतर हंगामाच्या पहिल्या भागात प्रत्येकाने रोज एक जागा पूर्वेला सरकायचं, दुसऱ्या भागात पश्चिमेला, असं ठरवलं. चांगली जागा प्रत्येकाला कधी ना कधी मिळते, त्यामुळे भांडण नाही, आणि ज्याची पाळी असते तोच पहाटे जाऊन आपल्या जागेवर पहारा देतो. सरकारचा त्यावर खर्च शून्य. ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये नोबेल मिळाल्यावर हे उदाहरण प्रत्येक प्रशिक्षणाच्या पडद्यावर झळकू लागलं. मला त्याहून आपल्या अधिकाऱ्यांच्या उपयोगाचं वाटतं ते श्रीलंकेतल्या नेगोंबोच्या खाडीचं. तिथे खुंटांवर बांधलेल्या जाळ्यांनी कोळंबी धरतात, जागा पाळीने आणि चिठ्ठीने ठरतात, आणि हे सगळं मूळचं गावकऱ्यांचंच. १९५८ मध्ये सरकारने त्या मासेमारीसाठी नियमावली काढली आणि गावाच्या व्यवस्थेला कायद्याचं पाठबळ दिलं. म्हणजे कोणीतरी अधिकारी तिथे बसला असणार, त्याने ऐकलं असणार, आणि जे चाललं होतं ते सरकारी भाषेत उतरवलं असणार. हे कौशल्य शिकवता येतं. आपल्याकडे ते अभ्यासक्रमात नाही.

सातपाटीच्या पापलेटकडे या नजरेने पाहिलं की मुद्दा उलगडतो. २०२३ साली महाराष्ट्राने पापलेटला राज्य मासा म्हणून मान दिला, आणि त्याच वर्षी पन्नासहून अधिक प्रजातींसाठी पकडायच्या माशाचा किमान आकार ठरवला. पापलेटचा १३५ मिलिमीटर. हेतू उत्तम. पण डोलीच्या खोल्यात, म्हणजे जाळ्याच्या शेवटच्या बारीक आसाच्या भागात, हातभर लांबीचा मासा आणि बोटभर लांबीचं पिल्लू एकत्रच चेपून येतात, आणि होडीत ओतले जाईपर्यंत पिल्लू मेलेलं असतं. धक्क्यावर पट्टी लावून ते कमी भरलं म्हणून दंड केला, तर होडीचा तांडेल फार तर पुढच्या वेळी ते समुद्रातच फेकून देईल. मासा वाचला का? नाही. नोंदीतून नाहीसा झाला, एवढंच. पिल्लू वाचवायचं तर ते जाळ्यात येण्याआधी वाचवायला हवं. कोणत्या पंधरवड्यात, कोणत्या खोलीवर, कुठल्या कवींच्या पट्ट्यात पिल्लांचे थवे येतात, त्या काळात खोला बदलायचा की डोल उचलूनच ठेवायची, उचलली तर तेवढ्या दिवसांचं पोट कशावर, हे सगळं ठरवावं लागेल. त्यातल्या पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं ज्यांच्याकडे आहेत ते धक्क्यावर उभे असतात. किमान आकाराची अधिसूचना ही अशा चर्चेची सुरुवात म्हणून चांगली आहे. ती हातात घेऊन फिरणाऱ्या अधिकाऱ्याला मात्र वाटतं की काम झालं.

चर्चेला लागणारा पुरावाही जवळच असतो. सातपाटीच्या सहकारी संस्था पापलेटची वजनानुसार प्रतवारी करून भाव देत आल्या आहेत. ज्या संस्थेने वर्षानुवर्षं असे हिशोब ठेवले असतील, तिच्या वह्यांत मोठं पापलेट कमी होत गेल्याचा इतिहास, कुठल्याही संशोधकाने न मागता, जमा झालेला असतो. गावाच्या सभेत शास्त्रज्ञाचा आलेख दाखवला तर लोक नम्रपणे माना डोलावतात. संस्थेची स्वतःची वही वाचून दाखवली तर सभेत वाद पेटतो, आणि नियम त्या वादातूनच निघतात. माझ्या मते अधिकाऱ्याच्या प्रशिक्षणाचा एक पूर्ण आठवडा फक्त अशा वह्या वाचण्यात जावा.

आता या विचाराची मर्यादा. ती मान्य केली नाही तर समुदायाच्या नावाने भाबडेपणा सुरू होतो. समुदायाने चांगलं सांभाळल्याची जगातली गाजलेली उदाहरणं पाहा. चिलीमध्ये १९९१ च्या कायद्याने लहान मच्छीमारांच्या संघटनांना किनाऱ्याचे पट्टे मिळाले, ते प्रामुख्याने 'लोको' नावाच्या शंखाच्या गोगलगाईसाठी. केरळात अष्टमुडी तलावातले शिंपले बेसुमार उपशाने घटले, तेव्हा १९९३ पासून डिसेंबर ते फेब्रुवारी उपसा बंद ठेवायचं ठरलं, जाळ्याचा आस ठरला, आणि २०१४ मध्ये भारतातलं पहिलं जागतिक शाश्वत मासेमारीचं प्रमाणपत्र त्याच तलावाला मिळालं. शंख आणि शिंपले जागा सोडून जात नाहीत. आज राखला तो उद्या तिथेच सापडतो, आणि राखणाऱ्यालाच सापडतो. बांगडा, तारली, सुरमई यांना गावाच्या हद्दी ठाऊक नाहीत. मालवणने राखलेला बांगडा उद्या वेंगुर्ल्यात किंवा गोव्यात कोणाच्या तरी जाळ्यात असेल. तिथे एका गावाचा नियम म्हणजे त्याग, आणि त्याचा फायदा दुसऱ्याला. तेव्हा कोणत्या माशासाठी गाव पुरे, कोणत्यासाठी खाडी, कोणत्यासाठी जिल्हा आणि कोणत्यासाठी दोन राज्यांना एकत्र बसावं लागेल, ही निवड करता येणं ही अधिकाऱ्याची खरी विद्या. इथे त्याचं मत्स्यविज्ञान कामी येतं. समुदायाच्या व्यवस्थापनात विज्ञानाला जागा नसते असं समजणाऱ्या उत्साही मंडळींनी हे लक्षात घ्यावं.

माझी सूचना त्यामुळे अशी की महाराष्ट्राने सुरुवात पापलेटपासून करूच नये. खाडीपासून करावी. रत्नागिरीच्या भाट्ये खाडीसारख्या जागी ओहोटीला बायका तिसऱ्या, कालवं काढायला चिखलात उतरतात. त्यांच्याकडे होडी नाही, परवाना नाही, डिझेलची सवलत नाही, त्यामुळे मत्स्य खात्याच्या कागदांवर त्या जवळजवळ नाहीतच. मात्र जागा न सोडणारा जीव, ओळखीची माणसं, पायी फिरता येईल एवढी हद्द, म्हणजे गावाने सांभाळायच्या मासेमारीला लागतं ते सगळं तिथे हजर आहे. शिरगावचं मत्स्य महाविद्यालय त्याच तालुक्यात आहे. तिथल्या विद्यार्थ्याने पदवीच्या चार वर्षांत एक खाडी आणि तिथल्या बायका यांच्याबरोबर एक बंद हंगाम ठरवून दाखवावा. तो पुढे अधिकारी झाला तर बंदरावर उभा राहताना त्याला पाया असेल.

दुसरा भाग, सरकारच्या वाट्याचा. गाव आपला नियम पाळतं ते बाहेरच्याला रोखलं जाईल या भरवशावर. आपण पिल्लं सोडायची आणि रात्री एलईडी दिवे लावून कोणीतरी येऊन समुद्र खरवडून न्यायचा, असं असेल तर नियम पाळणारा तांडेल मूर्ख ठरतो. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर महाराष्ट्राने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर, म्हणजे माशांच्या थव्याला वेढा घालणाऱ्या मोठ्या जाळ्यांवर, निर्बंध आणले. परवाने ४९४ वरून आधी २६२ आणि शेवटी १८२ वर आणायचं ठरलं. २०२१ मध्ये कायदा दुरुस्त होऊन एलईडी मासेमारी आणि बुल ट्रॉलिंग (दोन नौकांनी मिळून एक जाळं ओढणं) यांसाठी ५ लाखांपासून २० लाखांपर्यंत दंड आला. कागद कडक आहे. किनाऱ्यावरची तक्रार मात्र त्यानंतरही तीच राहिली: नौका दिसतात, कारवाई तुरळक. सिंधुदुर्गात पारंपरिक आणि पर्ससीन मच्छीमार समुद्रातच एकमेकांवर धावून गेले आहेत. अशा ठिकाणी अधिकारी गावाच्या सभेत उभा राहून 'तुम्हीच तुमचे रक्षक' म्हणू लागला की गाव ऐकून घेतं आणि मनात जे म्हणायचं ते म्हणतं. लोकसहभाग हा अंमलबजावणीला पर्याय आहे, असं प्रशिक्षणात कुठेही सुचवलं जात असेल तर ते प्रशिक्षण बंद करावं. गस्त, पंचनामा, पुरावा, दंडवसुली हे विषय 'समुदाय आधारित व्यवस्थापन' या शीर्षकाखालीच शिकवायला हवेत.

सरकारचा वाटा गस्तीवर संपत नाही. वरळीच्या कोळ्यांनी सागरी किनारा रस्त्याच्या पुलाखालून होड्या सुरक्षित जाण्यासाठी दोन खांबांमध्ये जास्त अंतर मागितलं. आराखड्यात ते ६० मीटर होतं. वारा, लाटा आणि खडक यांच्यामध्ये होडी कशी वळते हे त्यांना माहीत होतं. त्यांची मागणी या ६० मीटरहून बरीच मोठी होती. आंदोलनं झाली, काम अडलं, शेवटी १२० मीटरवर तडजोड झाली. हे ज्ञान आराखड्याच्या वेळीच सरकारी भाषेत मांडणारा कोणी त्यांच्या बाजूने असायला हवा होता, आणि तसा माणूस सरकारात असायची स्वाभाविक जागा म्हणजे मत्स्य खातं. डहाणूजवळ वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये केंद्राने मंजुरी दिली. खर्च सुमारे ७६,२०० कोटी. मच्छीमारांचा त्याला विरोध आहे, कारण हाच पट्टा पापलेट, घोळ यांच्यासाठी नावाजलेला. बंदर व्हावं की नाही हा वेगळा, मोठा वाद. पण त्याच किनाऱ्यावर किमान आकाराची पट्टी घेऊन उभ्या राहिलेल्या अधिकाऱ्याला एखादी कोळीण विचारणारच, 'साहेब, पिल्लं आम्हीच मारतो का?' या प्रश्नाचं उत्तर प्रशिक्षण देऊ शकत नाही. निदान तो प्रश्न टाळू नये, एवढं शिकवू शकतं.

समुदाय हाही काही देव्हाऱ्यातला देव नाही. पर्ससीनचे मालक बऱ्याच ठिकाणी कोकणातल्याच मच्छीमार समाजातले आहेत, आणि त्यांच्या नौकांवर नेपाळमधून आलेले खलाशी राबतात. मच्छीमार संस्थेच्या सभेत बोलतो तो होडीचा मालक. खलाशी बोलत नाही, मच्छी विकणारी बाई तर सभेला बोलावलीच जात नाही. जगभरात लहान मासेमारीच्या साखळीतल्या दहा माणसांतल्या चार स्त्रिया आहेत. आपल्याकडे लिलावापासून टोपलीपर्यंतचा व्यवहार त्यांच्या हातात आहे, माशाचा आकार घटला हे गिऱ्हाइकाच्या तोंडून सर्वांत आधी त्याच ऐकतात, आणि तरी परवाना, सभासदत्व, सवलत सगळं होडीच्या आणि म्हणून पुरुषाच्या नावाने. अधिकाऱ्याने गावाचा ठराव घेतला आणि त्यावर पंचवीस मालकांच्या सह्या असल्या, तर तो मालकांचा ठराव आहे. कोण बोललं यापेक्षा कोण बोललं नाही हे टिपून ठेवायची सवय त्याला लागली पाहिजे. गावाचा नियम वंशपरंपरेने चालत आला म्हणून न्याय्य असतोच असं नाही. कधीकधी अधिकाऱ्याला गावाच्या विरोधातही उभं राहावं लागेल, आणि तेही त्याच्या शिक्षणाचाच भाग आहे.

समुद्र सोडून आत आलं तर भंडारा-गोंदियाचे मालगुजारी तलाव आहेत. तिथल्या ढीवर समाजाच्या संस्थांना खात्याकडून मिळालेला पाठ साधारण एकच: कटला, रोहू, मृगळचं बीज सोडा. मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ढीवरांबरोबर काम करताना उलट दिशेने पाहिलं. तलावातलं बेशरम नावाचं तण काढलं, मुळातल्या पाणवनस्पती लावल्या, आणि स्थानिक माशांना पुन्हा जागा झाली. कोणती वनस्पती कुठल्या माशाला लागते हे ज्ञान ढीवरांकडे होतं. आणखी एक गोष्ट इथे आहे जी समुद्रावर नाही. वनहक्क कायदा २००६ सामूहिक हक्कांत पाण्यातल्या माशांचा हक्कही मोजतो. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि मग तिथल्या लोकांनी जंगल सांभाळण्याचे आपले नियम हक्काने चालवले. आधी हक्क, मग जबाबदारी. समुद्रावर आपण हा क्रम उलटा लावतो, मच्छीमाराकडे जबाबदारी मागतो आणि हक्काचा विषय निघाला की गप्प बसतो.

२०२१ च्या दुरुस्तीने आणखी एक बदल झाला ज्याची चर्चा फारशी झाली नाही. बेकायदा मासेमारीच्या प्रकरणांचा निवाडा पूर्वी तहसीलदाराकडे होता, तो आता मत्स्य खात्याच्या सहायक आयुक्ताकडे आला. माशांच्या रोगांचा आणि तळ्यांच्या खतांचा अभ्यास केलेला माणूस आज दोन्ही बाजू ऐकून लाखांचा दंड ठोठावतो. सुनावणी कशी घ्यायची, साक्ष कशी तोलायची, परंपरेच्या दाव्याला किती वजन द्यायचं, हे त्याला कोणी शिकवलं? आणि तो हे अनुभवाने शिकेपर्यंत त्याची बदली होते. राज्याच्या २००५ च्या बदली कायद्यात एका पदावरचा सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा आहे. तेवढ्यात बंदरावरची माणसं ओळखीची होतात, त्यांच्यातली जुनी वैरं कळू लागतात, आणि आदेश येतो. पालघरच्या कवी समजलेला अधिकारी मग मराठवाड्यातल्या तलावांचे ठेके पाहत बसतो. केंद्राच्या योजनेतून किनारी गावांसाठी 'सागरमित्र' नेमले गेले, तरुण, शिकलेले, स्थानिक भाषा बोलणारे. मला ही कल्पना आवडते. पण त्यांना कंत्राटावर ठेवून आकडे गोळा करायला लावलं, तर गावाची स्मृती खात्यात साठवण्याची एकमेव संधीही जाईल.

खात्याला विनंती आहे. अधिकाऱ्यांची पुढची तुकडी प्रशिक्षणाला निघेल तेव्हा तिचे पहिले दोन महिने सभागृहात घालवू नका. तिला अर्नाळ्याला, सातपाटीला, भाट्येला, देवबागला पाठवा, आणि पावसाळी बंदीच्या ६१ दिवसांत पाठवा, कारण तेव्हा होड्या किनाऱ्यावर असतात आणि तांडेलांना बोलायला वेळ असतो. परीक्षा म्हणून प्रत्येकाने एका गावाचा एक चालता नियम गावाच्या शब्दांत लिहून आणावा, त्याला विरोध करणाऱ्यांची नावं आणि कारणांसकट. आणि या दोन महिन्यांत शिकवणाऱ्या तांडेलाला, कालवं काढणाऱ्या बाईला, मच्छी विकणाऱ्या कोळणीला, सभागृहात येऊन बोलणाऱ्या तज्ज्ञाला जेवढं मानधन देता तेवढंच द्या.